पार्श्वभूमी : 21 क्रमांकाचा रोबेर्तो क्लेमेंते

दर 15 सप्टेंबरला अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधले अनेक खेळाडू पाठीवर 21 हा आकडा घेऊन मैदानात उतरतात. हा आकडा पिट्सबर्ग पायरेट्स संघाच्या रोबेर्तो क्लेमेंतेचा. विक्रमांमुळे तो थोर ठरतोच. पण स्वतःच्या नावासाठी तो आयुष्यभर कसा झगडला, हे कळल्याशिवाय त्याचं मोठेपण पुरतं कळत नाही.

18 ऑगस्ट 1934 रोजी पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावर, कारोलिना गावात त्याचा जन्म झाला. वडील उसाच्या मळ्यावर मुकादम. सात भावंडांत हा शेंडेफळ. 1954 मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने त्याला 10,000 डॉलरचा बोनस देऊन करारबद्ध केलं, पण पाठवलं मात्र माँट्रियलच्या दुय्यम संघात. त्या काळी नियम असा होता, की 4,000 डॉलरहून जास्त बोनस घेतलेला खेळाडू मुख्य संघात ठेवला नाही तर दुसरा संघ त्याला उचलू शकतो. तळाला असलेल्या पायरेट्सने नोव्हेंबर 1954 मध्ये नेमकं तेच केलं. पायरेट्सचा कारभार तेव्हा ब्रँच रिकी यांच्याकडे होता. ब्रुकलिनमध्ये असताना जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला करारबद्ध करून बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडणारे हेच ते रिकी.

भिंत पडली तरी भेदभाव संपला नव्हता. सराव शिबिरासाठी संघ फ्लोरिडात जाई, तेव्हा गोरे खेळाडू हॉटेलात जेवत आणि काळे बसमध्ये थांबत. क्लेमेंतेने हे निमूट सोसलं नाही. तो काळा होता, शिवाय स्पॅनिश बोलणारा. त्यामुळे त्याला दुहेरी मार बसला. त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी वार्ताहर उच्चारासकट छापत. खेळाडूंची चित्रं असलेल्या बेसबॉल कार्डांवर त्याचं नाव परस्पर ‘बॉब’ करून टाकलं होतं. तो मात्र सांगत राहिला, माझं नाव रोबेर्तो. 1954 च्या मोटार अपघातात त्याची पाठ दुखावली होती. ती दुखते म्हणाला की आजारपणाचं सोंग करतो, असं लिहिलं जाई. मला यातलं हेच सर्वांत जिव्हारी लागतं.

खेळाबद्दल मात्र कुणाला शंका घ्यायला जागा नव्हती. त्याने चार वेळा लीगमधल्या सर्वोत्तम फलंदाजी सरासरीचा मान मिळवला, कारकिर्दीची सरासरी .317, म्हणजे फलंदाजीच्या दर हजार संधींमागे 317 हिट (चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठणं म्हणजे हिट). राइट फील्डमधून, म्हणजे मैदानाच्या उजव्या बाजूच्या दूरच्या भागातून येणाऱ्या त्याच्या थ्रोची धावणाऱ्यांना धास्ती असे. क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह त्याला सलग 12 वर्षं मिळाला. 1960 आणि 1971 अशा दोन जागतिक मालिका (वर्ल्ड सीरिज, म्हणजे मेजर लीगच्या विजेतेपदाची अंतिम मालिका) पायरेट्सने जिंकल्या, आणि त्यांतल्या चौदाही सामन्यांत त्याची हिट आहे. 1971 मध्ये मालिकावीर ठरल्यावर तो दूरचित्रवाणीवर आधी स्पॅनिशमध्ये बोलला. घरी बसलेल्या आई-वडिलांकडे त्याने आशीर्वाद मागितला.

30 सप्टेंबर 1972 रोजी त्याने 3000वी हिट मारली. ती नियमित हंगामातली त्याची शेवटची. 23 डिसेंबरला निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. काही आठवड्यांपूर्वीच तो पोर्तो रिकोच्या हौशी संघाचा व्यवस्थापक म्हणून निकाराग्वात राहून आला होता. त्याने मदत गोळा केली. पण तिथले सैनिक मदतीचा माल वाटेतच हडपतात, असं कानावर आल्यावर 31 डिसेंबरला तो स्वतःच मालवाहू विमानात चढला. क्षमतेपेक्षा जास्त भरलेलं ते जुनं विमान सान हुआनहून उडताच समुद्रात कोसळलं. क्लेमेंतेचा मृतदेह कधीच सापडला नाही. तो 38 वर्षांचा होता.

निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबण्याची अट बाजूला ठेवून 1973 मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात घेतलं गेलं. हा मान मिळवणारा तो पहिला लॅटिन अमेरिकन खेळाडू. स्पॅनिश रीतीप्रमाणे आधी वडिलांचं आडनाव येतं, मग आईचं. म्हणून त्याचं पूर्ण नाव रोबेर्तो क्लेमेंते वॉकर. तिथल्या फलकावर मात्र ‘रोबेर्तो वॉकर क्लेमेंते’ असं कोरलं गेलं. ती चूक सुधारून नवा फलक लागला तो 2000 मध्ये.