नवा क्लच टाकला तरी त्रास: क्लच घसरतोय की सुटतच नाहीये?

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा अख्खा सेट बदलून गाडी घरी आणली आणि चार दिवसांत परत काहीतरी गडबड वाटायला लागली, तर मेकॅनिकला नुसतं "क्लच बरोबर नाही" असं सांगू नका. त्या एका वाक्यात दोन उलटे प्रॉब्लेम बसतात. एकात क्लच धरत नाही म्हणजे स्लिप होतो, दुसऱ्यात पेडल पूर्ण दाबलं तरी तो सुटत नाही. आणि खरी गंमत म्हणजे अल्टोसारख्या केबलवाल्या गाडीत दोन्हीसाठी हात केबलच्या एकाच नटाकडे जातो, फक्त फिरवायचा उलट दिशेने. निदान चुकलं की त्रास वाढणारच.

स्लिप ओळखायला सोपा. चौथ्या गिअरला चाळीसच्या स्पीडला थोडा चढ बघून ॲक्सिलरेटर जोरात दाबा, इंजिनचा आवाज आणि आरपीएम भसकन वर गेले पण गाडी तिथेच रेंगाळली तर क्लच घसरतोय. घाटात हे हमखास कळतं, वर जळका वासही येतो. ही टेस्ट एकदाच करा हं, परत परत करून नवी प्लेट जाळू नका. मात्र पहिल्या काही किलोमीटरला हलका वास आला म्हणून लगेच घाबरायचं नाही, प्लेट बसायला वेळ लागतो, म्हणून पहिले चारपाचशे किलोमीटर जरा सांभाळून चालवावी.

सुटत नसेल तर गाडी ओढते व्यवस्थित, भांडण असतं गिअरशी. पहिला पडत नाही, रिव्हर्स टाकताना करकर होते, आणि पेडल तळाला टेकवून पहिल्यात उभी केली तरी गाडी हळूच पुढे सरकते. इथे एक चेक नक्की करा: इंजिन बंद करून गिअर टाकून बघा. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर संशय क्लचवर. बंद असतानाही अडत असतील तर आधी गिअरची केबल किंवा लिंकेज (गिअर लिव्हर आणि गिअरबॉक्समधली जोडणी) बघायला सांगा, उगाच परत गिअरबॉक्स उतरवायला लावू नका.

आता कारणं. नवा क्लच न सुटण्याची कारणं बहुतेक फिटिंगमधली असतात. प्लेट उलटी बसली (फ्लायव्हीलची, म्हणजे इंजिनला जोडलेल्या जड चाकाची, बाजू कुठली ते बऱ्याच प्लेटवर लिहिलेलं असतं तरी होतं हे), गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन प्लेटवर लटकलं आणि ती वाकली, केबल ढिली राहिली. इनोव्हासारख्या हायड्रॉलिक (केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचमध्ये पाइपात हवा राहिली असेल तर पेडल भराभर दोनतीनदा पंप केल्यावर गिअर पडतो, ही खूण लक्षात ठेवा, तिथे ब्लीडिंग करून, म्हणजे ती हवा काढून, काम भागू शकतं. पण थोड्या दिवसांत परत तेच झालं तर क्लचच्या सिलिंडरचं सील गेलंय का बघायला लागेल.

स्लिपमागे मात्र तेल असतं बरेचदा. क्रँकचं मागचं ऑइल सील गळत होतं आणि सेट बदलताना तेवढं सील तसंच ठेवलं, मग नव्या प्लेटवर तेल. तेल प्यायलेली प्लेट धुऊन वापरायच्या भानगडीत पडू नये असं माझं मत. चकचकीत झालेलं फ्लायव्हील तसंच ठेवलं तरी घसरतो.

आणि सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी केस: गिअर अडतोय म्हणून केबल टाइट केली जाते, गिअर पडायला लागतो, सगळे खूश. पण पेडलचा फ्रीप्ले (सुरुवातीची मोकळी चाल) संपलेला असतो, म्हणजे आपण पाय काढला तरी बेअरिंग प्रेशर प्लेटला थोडं दाबूनच ठेवतं, आणि लवकरच स्लिप सुरू. म्हणून केबलला हात लावल्यावर पेडल हाताने दाबून बघा. सुरुवातीचा थोडा भाग हलका जाऊन मग जड लागला पाहिजे, किती मिलिमीटर ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. फ्रीप्ले बरोबर असूनही गिअर अडत असेल तर केबल आणखी आवळू देऊ नका, चूक आत फिटिंगमध्ये असायची शक्यता जास्त, आणि तशी असेल तर गिअरबॉक्स परत उतरवायची मजुरी गॅरेजने सोसायची, तुम्ही नाही.