मध्यस्थीची प्रार्थना

मध्यस्थीची प्रार्थना : दुसऱ्यासाठी देवाजवळ केलेली विनंती. स्तुती, पापांची कबुली, उपकारस्तुती आणि मागणी ही ख्रिस्ती प्रार्थनेची अंगे मानली जातात. मागणीचा जो भाग स्वतःसाठी नसून दुसऱ्या माणसासाठी, घरासाठी, गावासाठी किंवा राज्यकर्त्यांसाठी असतो, त्याला मध्यस्थी म्हणतात. कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये जमणाऱ्या समाजांत) हा शब्द उपासनेत ऐकू येतो, रोजच्या बोलण्यात फारसा नाही. तिथे ‘आमच्या धाकट्याला प्रार्थनेत घ्या’, ‘आईची आठवण ठेवा’ असे म्हणतात आणि ऐकणाऱ्याला आपले काम कळते. त्या माणसाचे नाव घेऊन देवाशी बोलायचे.

मराठीत मध्यस्थ म्हटले की जमिनीचा व्यवहार जुळवणारा, सोयरीक ठरवणारा किंवा भावकीचे भांडण मिटवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. दरबारी काळापासून चालत आलेला रदबदली हा शब्दही अर्थाने जवळचा आहे. त्यामुळे दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना हा देवाकडचा वशिला आहे, असा समज सहज होतो. वशिल्यात ज्याची ओळख मोठी त्याचे काम आधी होते. ख्रिस्ती शिकवणुकीप्रमाणे देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, तो म्हणजे येशू ख्रिस्त (तीमथ्याला पहिले पत्र, अध्याय २), आणि तो आपल्या लोकांसाठी सर्वदा विनंती करतो (इब्री लोकांस पत्र, अध्याय ७). माणूस दुसऱ्यासाठी प्रार्थना करतो तेव्हा तो या विनंतीत आपला आवाज मिळवतो. प्रार्थनेच्या शेवटी ‘प्रभू येशूच्या नावाने मागतो’ म्हणतात ते यामुळेच. पाळकांची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंची, प्रार्थना लवकर पोहोचते आणि म्हाताऱ्या आज्जीची उशिरा, असे या शिकवणुकीत कुठेही नाही.

कोल्हापूर अंबाबाईचे गाव. नवस बोलणे आणि फेडणे इथे घराघराला ठाऊक आहे. आजारी लेकरासाठी नवस बोलणाऱ्या आईची आणि त्याच लेकरासाठी ‘प्रार्थनेत घ्या’ म्हणणाऱ्या शेजारणीची माया एकाच जातीची असते. रीत मात्र वेगळी. नवसात फेडीचा शब्द दिलेला असतो. मध्यस्थीत मागणाऱ्याने काही कबूल केलेले नसते आणि मागणे मान्य झाल्यावर द्यायचे म्हणून काही उरत नाही, फक्त आभार उरतात.

बायबलमधील आधार

या प्रथेचे सर्वांत जिवंत चित्र उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात आहे. सदोम नगराचा नाश होणार हे कळल्यावर अब्राहाम देवापुढे उभा राहतो आणि बाजारात घासाघीस करावी तसा बोलतो. पन्नास नीतिमान सापडले तर नगर वाचवशील का? पंचेचाळीस असले तर? चाळीस, तीस, वीस, आणि शेवटी दहा. दर खेपेला देव हो म्हणतो. नगर तरीही वाचत नाही, कारण तिथे दहासुद्धा निघत नाहीत. मध्यस्थीची पहिली मोठी कथा ही अशी, मागितलेले न मिळाल्याची आहे. प्रार्थना म्हणजे हमखास फळ असे सांगणाऱ्यांनी ती पुन्हा वाचावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

निर्गमच्या सतराव्या अध्यायात लढाई चालू असताना मोशेचे हात वर असतात तोवर इस्राएलाची सरशी होते आणि हात खाली आले की पीछेहाट. तो थकतो तेव्हा अहरोन आणि हूर त्याला धोंड्यावर बसवतात आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्यास्तापर्यंत धरून ठेवतात. प्रार्थना करणाऱ्यालाही कुणाचा तरी आधार लागतो, हे सांगायला मंडळीत हाच दाखला दिला जातो. शमुवेल संदेष्टा तर लोकांसाठी प्रार्थना करायचे सोडणे हे परमेश्वराविरुद्धचे पाप समजतो. ईयोबाने ज्या मित्रांसाठी प्रार्थना केली, त्यांनीच त्याला बोल लावले होते.

नव्या करारात येशू आपला शिष्य पेत्र याचा विश्वास ढळू नये म्हणून विनंती करतो, योहानाच्या सतराव्या अध्यायात शिष्यांसाठी आणि पुढे विश्वास ठेवणाऱ्या सर्वांसाठी प्रार्थना करतो, आणि वधस्तंभावरून आपल्याला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा ही त्याची आज्ञा (मत्तय, अध्याय ५) या प्रथेतला सर्वांत अवघड भाग आहे. प्रेषित पौल आपल्या पत्रांत मंडळ्यांसाठी प्रार्थना करतो आणि स्वतःसाठीही त्यांच्याकडे प्रार्थना मागतो. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे सांगितले आहे.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातल्या कथेत प्रार्थनेचा शब्द नाही, तरी ती इथे आलीच पाहिजे. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेसकट उचलून आणतात. दारात गर्दी असते, म्हणून छप्पर उसकटून त्याला येशूपुढे खाली सोडतात. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असे मार्क लिहितो, त्या चौघांचाही. बाजेवरच्या माणसाच्या तोंडी कथाभर एक शब्द नाही. कोल्हापुरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी प्रार्थनेला जाणारी मंडळी या चौघांची गोष्ट पुन्हा पुन्हा वाचतात.

मंडळीच्या उपासनेत

इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती उपासनेचे जे वर्णन लिहिले, त्यात सर्वांसाठी केलेल्या सामुदायिक प्रार्थनांचा उल्लेख आहे. रोमन कॅथलिक परंपरेत उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) विधीत पोप, धर्मसेवक, यहुदी लोक, ख्रिस्तावर विश्वास नसलेले, देव न मानणारे, राज्यकर्ते, संकटग्रस्त अशा सर्वांसाठी क्रमाने प्रार्थना होतात. एरवीच्या मिस्सातून, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतून, मागे पडलेली ‘विश्वासूंची प्रार्थना’ ही सामुदायिक मध्यस्थी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या महासभेने, १९६३ साली पुन्हा आणायला सांगितली. कॅथलिक लोक पवित्र मरिया आणि संतांनाही आपल्यासाठी विनंती करायला सांगतात आणि मृतांसाठी प्रार्थना करतात; २ नोव्हेंबर हा त्यासाठीचा खास दिवस. प्रॉटेस्टंट मंडळ्या या दोन्ही गोष्टी मानत नाहीत. त्यांच्या दफनविधीत प्रार्थना होते ती मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी.

कोल्हापूर

कोल्हापुरातील प्रॉटेस्टंट मंडळीचा आरंभ अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर आणि त्यांच्या पत्नी एलायझा यांच्या कामात आहे. हे दांपत्य १८५२ साली कोल्हापूर संस्थानात आले. पुढे काही वर्षे वायल्डर यांनी कोणत्याही मिशन मंडळाच्या आधाराशिवाय काम केले, आणि १८७० मध्ये ते प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या अमेरिकन मिशन मंडळाला जोडले गेले. शहरातले वायल्डर मेमोरियल चर्च त्यांचेच नाव सांगते.

त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरात जन्मला. कुटुंब अमेरिकेला परतल्यावर प्रिन्स्टन येथील घरी रॉबर्ट आणि त्याची बहीण ग्रेस रोज संध्याकाळी एकत्र बसून विद्यार्थ्यांमधून मिशन कार्यासाठी माणसे उभी राहावीत म्हणून प्रार्थना करत. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे सुवार्तिक (ख्रिस्ती धर्मप्रचारक) डी. एल. मूडी यांनी विद्यार्थ्यांची परिषद भरवली. रॉबर्ट तिकडे गेला, ग्रेस घरी प्रार्थना करत राहिली. परिषद संपली तेव्हा १०० विद्यार्थ्यांनी परदेशी मिशन कार्यासाठी तयारी दाखवली होती. त्यातून १८८८ मध्ये स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट ही चळवळ रीतसर उभी राहिली आणि पुढच्या काळात हजारो तरुण तिच्यातून जगभर गेले. या चळवळीच्या इतिहासात रॉबर्टचे नाव ठळक येते, ग्रेसचे ओघात. मध्यस्थी करणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा हेच येते. कोल्हापूरकरांनी तरी तिचे नाव आधी घ्यावे.

भारतातल्या मंडळ्यांनी या प्रथेला दिलेली देणगीही मोठी आहे. जानेवारीतल्या प्रार्थना सप्ताहाचे मूळ लुधियानात आहे. तिथल्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८५८ साली जगभरच्या ख्रिस्ती लोकांना हाक दिली आणि १८६० च्या जानेवारीत पहिला सप्ताह झाला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी जानेवारी १९०५ मध्ये मुलींना प्रार्थनेसाठी पुढे येण्याचे आवाहन केले. तेव्हा सत्तरच्या आसपास जणी आल्या, आणि काही महिन्यांतच रोज दोनदा जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशेच्या घरात गेली. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी होणारा जागतिक प्रार्थना दिन स्त्रियांनी चालवलेला आहे. दरवर्षी एका देशातल्या स्त्रिया उपासनेचा क्रम तयार करतात, आणि त्या दिवशी जगभरच्या मंडळ्यांत त्या देशासाठी प्रार्थना होते. ज्या देशाचे नाव एरवी बातम्यांतही कानावर पडत नाही, त्याच्यासाठी मराठीतून प्रार्थना करणाऱ्या बाया पाहिल्या की या प्रथेचा पल्ला लक्षात येतो.

घरची प्रार्थनासभा

उपासनामंदिराइतकीच ही प्रथा घरांत जगते. आठवड्यातल्या एका संध्याकाळी पाळीपाळीने कुणाच्या तरी घरी सभा असते. खोलीतले सामान भिंतीला लावून सतरंजी अंथरतात, गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन-तीन खुर्च्या ठेवतात. आधी ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातले एखादे गीत, मग बायबलमधले वचन, आणि मग कुणीतरी विचारते, ‘विनंत्या सांगा.’ थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग एक जण बोलतो आणि पाठोपाठ सगळे. जावयाची नोकरी, दहावीची परीक्षा, सोयरीक जुळत नाही, दारू सुटत नाही, ऊस तुटून गेला पण बिल आले नाही. पावसाळ्यात पंचगंगेचे पाणी चढायला लागले की नदीकाठच्या घरांची नावे यात येतात.

एका सभेतली वही प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिली आहे. शाळेची दोनशे पानी वही, खाकी कव्हर, सुतळीने बांधलेले पेन. डाव्या बाजूला तारीख, मधे नाव, पुढे दोन-तीन शब्द : ‘डोळ्याचे ऑपरेशन’, ‘बाळंतपण’, ‘घरी परत यावा’. वही सांभाळणाऱ्या काकू रोज पहाटे ती उघडून नावे बोटाने धरत खाली जायच्या. काही नावांपुढे त्या थांबत. त्या ओळींवरची शाई बोटाने पुसट झाली होती.

वहीत हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांचीही नावे होती. पेठेत एका जिन्यावर राहणारी माणसे एकमेकांच्या दुखण्याखुपण्याला धावतात. ‘काकू, तुमच्या प्रार्थनेत आमच्या पोराचं नाव घ्या की’, असे एखादी शेजारीण जिन्यात म्हणते, आणि त्यात धर्म बदलण्याचा विषय कुणाच्याच मनात नसतो. प्रार्थनेच्या बदल्यात विश्वासाची मागणी केली तर ती मध्यस्थी राहत नाही, तो सौदा होतो. ज्याच्या घरी जाऊन, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, त्याला आधी विचारावे हेही यात आले.

दुसरी जपायची गोष्ट म्हणजे गुप्तता. ‘प्रार्थनेसाठी सांगते हं’ असे म्हणून एखाद्या घरातली भांडणे गावभर होऊ शकतात. व्हॉट्सॲपवर विनंत्या फिरू लागल्यापासून हा धोका वाढला आहे. कुणाच्या मुलीचे लग्न मोडले, कुणाला कोणता आजार निघाला, हे शंभर जणांच्या मोबाइलवर जाते आणि तिथून पुसता येत नाही. जाणत्या मंडळ्यांत म्हणून विनंती थोडक्यात सांगतात : ‘एका बहिणीच्या घरासाठी.’ देवाला पत्ता ठाऊक आहे.

परिणामाचा प्रश्न

दुसऱ्याच्या प्रार्थनेने रोगी बरा होतो का, हे मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. १९८८ साली सॅन फ्रान्सिस्को येथील हृदयरोग कक्षातल्या ३९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांना काही बाबतींत कमी त्रास झाला, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या पद्धतीवर बरीच टीका झाली. त्यानंतरचा मोठा अभ्यास २००६ चा. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले १,८०२ रुग्ण त्यात होते. आपल्यासाठी प्रार्थना होते की नाही हे ज्यांना नक्की माहीत नव्हते, त्यांपैकी प्रार्थना झालेल्या गटात ५२ टक्के आणि न झालेल्या गटात ५१ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. प्रार्थना होत असल्याचे ज्यांना पक्के सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. या आकड्यांवरून प्रार्थना हे औषध आहे असे म्हणता येत नाही, आणि बायबलही तिला औषध म्हणत नाही. अनोळखी माणसाचे फक्त नाव घेऊन ठरावीक वाक्य म्हणणे आणि ज्याच्या उशाशी आपण रात्र काढली त्याच्यासाठी रडून मागणे, या दोन गोष्टी एका मापात बसतात का, ही शंका रास्त आहे.

इथल्या मिशनरी परंपरेने उपचार आणि प्रार्थना यांत भांडण लावले नाही. डॉ. विल्यम वानलेस यांच्या कामातून मिरजेत उभे राहिलेले रुग्णालय आणि कोल्हापुरातले मेरी वानलेस रुग्णालय याच परंपरेतली आहेत. गोळ्या बंद करा, प्रार्थना पुरेशी आहे, असे सांगणारा कुणी भेटला तर त्याचे ऐकू नये. त्याने माणसे दगावतात.

विनंती मान्य झाली की सभेत साक्ष देतात, म्हणजे काय घडले ते सर्वांपुढे सांगतात. वहीत त्या नावापुढे ‘उपकार’ असे लिहून तारीख घालतात. माणूस गेला तर नाव खोडत नाहीत. त्याखाली घरच्यांची नावे येतात आणि पुढे ‘सांत्वन’. काकूंच्या वहीत एक नाव दर नव्या वहीच्या पहिल्या पानावर पुन्हा लिहिलेले होते, चार वह्यांत चार वेळा, त्याच अक्षरात, पुढे तेच तीन शब्द : घरी परत यावा.