लॉगिनच्या पडद्याला आपले रिझोल्यूशन का कळत नाही?

संगणक सुरू केल्यावर पासवर्ड विचारणारा पडदा ताणलेल्या, धूसर अक्षरांत दिसावा आणि पासवर्ड देताच डेस्कटॉप मात्र लख्ख, रेखीव उमटावा, हा अनुभव लिनक्स वापरणाऱ्या अनेकांना येतो. सेटिंग्जमध्ये जाऊन 1920 × 1080 हे रिझोल्यूशन (म्हणजे पडद्यावरच्या आडव्या आणि उभ्या ठिपक्यांची संख्या) कितीही वेळा निवडले, तरी संगणक पुन्हा सुरू करताच लॉगिनच्या पडद्याचे मागील पानावरून पुढे चालू असते.

याचे कारण असे, की हा पडदा आपल्या डेस्कटॉपचा भाग नसतो. तो दाखवण्याचे काम डिस्प्ले मॅनेजर नावाचा स्वतंत्र प्रोग्राम करतो. लिनक्सवर डेस्कटॉपचे अनेक प्रकार मिळतात. त्यांपैकी ग्नोममध्ये हा प्रोग्राम सहसा जीडीएम, केडीईमध्ये एसडीडीएम, तर हलक्या डेस्कटॉपांवर बऱ्याचदा लाइटडीएम. पासवर्ड मिळेपर्यंत कोणीच आत आलेले नसते, म्हणून हा पडदा त्याच्यासाठी राखलेल्या वेगळ्या खात्यातून चालतो. आपण निवडलेले रिझोल्यूशन आपल्या होम फोल्डरमध्ये, म्हणजे आपल्या खात्याच्या खासगी फोल्डरमध्ये, लपलेल्या जागी असलेल्या एका फाइलमध्ये लिहिले जाते आणि त्या फाइलकडे हे खाते ढुंकूनही पाहत नाही. ते योग्यच म्हणायला हवे, कारण एकाच संगणकावर चार जणांची खाती असतील, तर कोणाची निवड मानायची हे पासवर्डाआधी ठरणार तरी कसे? शिवाय होम फोल्डर कूटबद्ध असेल, तर त्या क्षणी तो वाचताही येत नाही.

मग हा पडदा रिझोल्यूशन ठरवतो कशावरून? मॉनिटरनेच सांगितलेल्या माहितीवरून. जवळपास प्रत्येक मॉनिटरमध्ये ईडीआयडी नावाची माहिती साठवलेली असते. व्हेसा या संस्थेने तिचे प्रमाण 1994 मध्ये ठरवले. तिचा मूळ भाग केवळ 128 बाइटांचा असतो, पण त्यात निर्मात्याचा संकेत, पडद्याचा आकार आणि चालणारी रिझोल्यूशन्स एवढे सगळे बसते. शेवटचा बाइट पडताळणीचा असतो: सर्व 128 बाइटांची बेरीज केली की तिला 256 ने निःशेष भाग जायला हवा, नाही तर वाचताना काहीतरी चुकले असे समजावे. खराब केबल, स्वस्तातले कन्व्हर्टर किंवा दोन संगणकांना एकच मॉनिटर जोडणारा स्विच मध्ये आला, की ही माहिती कधीकधी पोहोचतच नाही. अशा वेळी लिनक्सचे कर्नल, म्हणजे यंत्राशी थेट बोलणारा त्याचा गाभा, सावध पवित्रा घेऊन 1024 × 768 पर्यंतचीच रिझोल्यूशन्स देऊ करते. ते चित्र 1920 × 1080 च्या पडद्यावर पूर्ण पसरवले, तर रुंदी 1.875 पट आणि उंची सुमारे 1.41 पट वाढते, आणि वर्तुळाची लंबवर्तुळे होतात.

म्हणून उपायाआधी निदान हवे. लॉगिननंतर सेटिंग्जमध्ये योग्य रिझोल्यूशन यादीत दिसत असेल, तर ईडीआयडी बहुधा ठीक आहे आणि प्रश्न फक्त निवड त्या दुसऱ्या खात्यापर्यंत पोहोचवण्याचा उरतो. यादीतच ते नसेल, तर आधी केबल बदलून पाहावी. माझ्या मते सेटिंग्जच्या फाइलींशी झटापट करण्यापेक्षा हे कितीतरी सोपे. तरीही भागले नाही, तर कर्नल सुरू होताना त्याला रिझोल्यूशन स्पष्ट सांगण्याची सोय आहे.

निवड पोहोचवण्याची रीत प्रोग्रामगणिक बदलते. ग्नोमच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये आपल्या लपलेल्या 'कॉन्फिग' फोल्डरमधली 'मॉनिटर्स डॉट एक्सएमएल' ही फाइल जीडीएमच्या खात्यातल्या तशाच फोल्डरमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने उतरवतात आणि तिची मालकी त्या खात्याकडे देतात. ही दुसरी पायरी विसरली, तर फाइल जागेवर असूनही वाचली न जाण्याची शक्यता असते. या फाइलीत मॉनिटरच्या ओळखीबरोबर तो कोणत्या पोर्टला जोडला आहे तेही नोंदलेले असते, त्यामुळे केबल दुसऱ्या पोर्टात घातली की सगळी मेहनत निष्फळ ठरते. लाइटडीएममध्ये लॉगिनचा पडदा उमटण्याआधी चालणारी छोटी स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) नेमता येते आणि तिच्यातून 'एक्सरँडर' या आज्ञेने रिझोल्यूशन बसवता येते. एसडीडीएमही एक्सवर (पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या लिनक्सच्या जुन्या प्रणालीवर) चालत असेल, तर त्यातही अशीच सोय आहे.

चुकीचे रिझोल्यूशन बसून पडदा काळा झालाच, तर बहुतेक ठिकाणी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 या कळा एकत्र दाबल्यावर अक्षरी लॉगिन मिळते. तेथून जीडीएमच्या खात्यात उतरवलेली फाइल काढून टाकून संगणक पुन्हा सुरू केला, की पूर्वीचा धूसर पडदा परत येतो.