फ्रीव्हील की कॅसेट? शहरात चालवायची सायकल घेताना

गिअरची सायकल घेताना गिअर किती, हे आपण आवर्जून विचारतो. मागच्या चाकावर ते कसे बसवले आहेत, हे मात्र सहसा विचारत नाही. दात्यांच्या चकत्या तिथे बसवण्याच्या दोन पद्धती आहेत: फ्रीव्हील आणि कॅसेट. सात चकत्यांचे फ्रीव्हील आणि सात चकत्यांची कॅसेट वरवर पाहता सारखीच दिसतात, त्यामुळे दोन्हींना सर्रास ‘फ्रीव्हील’च म्हटले जाते.

पाय थांबवले तरी चाक फिरत राहते आणि मागून टकटक आवाज येतो, तो आतल्या खटक्यांचा. फ्रीव्हीलमध्ये हे खटके चकत्यांच्या गड्ड्यातच असतात आणि तो अख्खा गड्डा हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आट्यांवर फिरवून बसवतात. कॅसेटच्या बाबतीत खटके हबच्या अंगचेच असतात. चकत्या खाचांवर सरकवून वरून एका रिंगने आवळल्या की काम झाले. शिमानो या सायकलचे भाग बनवणाऱ्या जपानी कंपनीने अशा प्रकारचा हब १९७८ मध्ये आणला.

खरा फरक पडतो तो अ‍ॅक्सलला, म्हणजे हबमधून आरपार जाणाऱ्या दांड्याला. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे गड्ड्याच्या आतल्या बाजूला राहतात आणि तिथून फ्रेमपर्यंतचा अ‍ॅक्सल आधाराविना असतो. चकत्या जितक्या जास्त, तितके हे अंतर वाढते. कॅसेटच्या बहुतेक हबमध्ये छर्रे पार बाहेरच्या टोकाशी असतात, त्यामुळे अ‍ॅक्सलला तिथपर्यंत आधार मिळतो. पावसाळ्यानंतरच्या पुण्यातल्या रस्त्यांवर कॅरिअरला सामान लावून मी सात गिअरची फ्रीव्हीलची सायकल चालवत असे. चाक डुगडुगू लागले, म्हणून अ‍ॅक्सल काढून टेबलाच्या काचेवर घरंगळवला, तेव्हा त्याचे मधले अंग दर फेरीला काचेपासून केसभर उचलले जाताना स्पष्ट दिसले. खड्ड्यांनी तो वाकवला होता.

म्हणून फ्रीव्हील टाकाऊ ठरत नाही. ते स्वस्त असते, आणि साध्या बिनगिअरच्या सायकलवर एकच चकती असल्याने हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. फ्रीव्हीलची सर्वांत लहान चकती बहुधा १४ दात्यांची असते, कॅसेटची अनेकदा ११ दात्यांची. पण शहरात त्याने फारसे अडत नाही. पुढे ४२ आणि मागे १४ दाते असतील, तर २६ इंची चाकाची सायकल पेडलच्या एका फेरीत सुमारे ६ मीटर जाते, म्हणजे मिनिटाला ७० फेऱ्यांत ताशी २५ किलोमीटर, आणि गर्दीच्या रस्त्यावर याहून अधिक वेग कुठे मिळतो? मात्र वजन जास्त असेल, रोज ओझे न्यायचे असेल किंवा वाट खड्ड्यांची असेल, तर थोडे जास्त पैसे मोजून कॅसेटच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओळखण्यासाठी मागचे चाक काढायला सांगावे आणि चकत्या उलट्या फिरवाव्यात. मधली, हत्यार बसवायची खाच चकत्यांबरोबर फिरली तर ती कॅसेट. जागच्या जागी राहिली तर फ्रीव्हील. हे खरेदीपूर्वीच पाहावे, कारण आट्यांच्या हबवर कॅसेट बसत नाही आणि नंतर मन बदलले, तर हब बदलून चाक नव्याने विणावे लागते किंवा अख्खे चाकच नवे घ्यावे लागते.