तार घट्ट केली म्हणून दात लवकर सरकत नाही

“डॉक्टर, या वेळी जरा घट्टच करा. दहावीच्या आत संपवायचंय.” नौपाड्यातल्या काय किंवा वाशीतल्या काय, तारा लावून वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टना हे वाक्य पाठ असतं. पालकांची घाई समजण्यासारखी आहे. पण दातांच्या तारांचा सगळा इतिहास याच्या उलट दिशेने गेला आहे. धातू बदलत गेले ते जोर वाढवायला नव्हे, तर जोर हलका ठेवून तो टिकवायला.

दात हाडात थेट रोवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो आणि त्यात बारीक रक्तवाहिन्या असतात. हलका दाब पडला की त्या बाजूचं हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि मागच्या बाजूला दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात. असा दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. दाब फार झाला तर रक्तवाहिन्याच चेपल्या जातात, तिथल्या पेशी मरतात आणि दात काही आठवडे जागचा हलत नाही. वेदना वाढतात आणि मूळ झिजण्याचा धोकाही वाढतो.

म्हणून तार अशी हवी, की वेड्यावाकड्या दातांतून ओवताना ती भरपूर वाकावी, तरी तिचा जोर सौम्यच राहावा. सुरुवातीला सोन्याच्या मिश्रधातूच्या तारा वापरत. १९३० च्या दशकात स्टेनलेस स्टील आलं. ते स्वस्त, मजबूत आणि न गंजणारं, पण ताठ. जराशी वाकवली की जोर एकदम चढतो, दात थोडा सरकला की तसाच उतरतो. जास्त वाकवली तर तार वाकडीच राहते.

कोंडी फुटली ती अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत. तिथे विल्यम ब्यूलर निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूवर काम करत होते. १९७० च्या दशकात आयोवा विद्यापीठातल्या जॉर्ज अँड्रियासन यांनी तो दातांच्या उपचारात आणला. क्लिनिकमध्ये ‘नायटाय’ म्हणतात ती हीच तार. पुढे १९८० च्या दशकात चीन आणि जपानमधून तिचे जे प्रकार आले, ते मला या क्षेत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटतात. ही तार वाकवली की तिच्या आतली अणूंची मांडणीच बदलते आणि सोडली की पूर्ववत होते. स्टील एक टक्कासुद्धा ताण सोसून मूळ आकारात परत येत नाही, ही तार जवळपास आठ टक्क्यांपर्यंत येते. शिवाय दात सरकत असताना तिचा जोर बराच काळ जवळजवळ एकसारखा राहतो.

ही मांडणी तापमानावरही अवलंबून असते. तलावपाळीवर कुल्फी खाल्ली की नायटाय तेवढ्यापुरती मऊ पडते, कडक चहा घेतला की ताठ होते. तांबं मिसळलेल्या तारा तर २७, ३५ आणि ४० अंश सेल्सिअस अशा ठरावीक तापमानांच्या मिळतात. चाळीसवाली गरम खाल्ल्या-प्यायल्यावरच पूर्ण जोर लावते.

जाडीचा हिशेबही थक्क करणारा आहे. गोल तारेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. इंचाच्या १४ हजारांशांवरून १८ हजारांशांवर गेलं, तर तो सुमारे पावणेतीन पट होतो. दर भेटीला डॉक्टर ‘फोर्टीन’, मग ‘सिक्स्टीन’ असे चढत जातात, ते वेळकाढूपणा म्हणून नाही.

एवढं असूनही स्टील बाद झालेलं नाही. दात काढून झालेली फट बंद करताना बाकीचे दात तारेवरून घसरत न्यावे लागतात. तिथे घर्षण कमी हवं आणि दातांच्या कमानीचा आकारही बिघडता कामा नये. ते स्टीलच्या चौकोनी तारेलाच जमतं. नायटायला पक्कडीने हवा तसा बाक देणंही अवघड. या दोघींच्या मधली तार बीटा-टायटॅनियमची, १९८० च्या सुमाराची. तिचा ताठपणा स्टीलच्या साधारण ४० टक्के, बाक देता येतो, पण घर्षण जास्त.

तिचा आणखी एक गुण म्हणजे तिच्यात निकेल नसतं. नायटायमध्ये वजनाने निम्म्याहून अधिक निकेल असतं. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, पण इमिटेशन दागिन्यांनी ज्यांचे कान लाल होतात किंवा चिघळतात, त्यांनी पहिल्याच भेटीत, तार बसवण्याआधी, हे डॉक्टरांना सांगावं.