डोंगरात बिऱ्हाड न्यायचंय? आधी एक उन्हाळा आणि एक पावसाळा तिथे राहून बघा

महू, मानपूर, चोरल, जाम गेटच्या बाजूला दोन-चार एकर घेऊन लहान मुलांसह तिथेच राहायला जाऊ पाहणाऱ्या इंदूरकर कुटुंबांसाठी

आमच्याकडे येणारं जोडपं बहुतेक वेळा पावसाळ्यात येतं. ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी ते जानापावला किंवा जाम गेटला जाऊन आलेलं असतं. ढग पायाखाली बघितलेले असतात, मुलगी ओढ्यात मनसोक्त खेळलेली असते, आणि परतताना चहाच्या टपरीवर कुणीतरी ‘जमीन बघताय का’ विचारून फोन नंबर दिलेला असतो. मंगळवारी दोघं आमच्या कचेरीत येतात आणि शुक्रवारी बयाणा द्यायचाय म्हणतात. हे पत्रक त्या मंगळवार आणि शुक्रवारच्या मधल्या दिवसांसाठी आहे.

ही पेढी आम्ही नवरा-बायको चालवतो. जमिनीचे कागद तपासणं, जागेवर जाऊन पाणी आणि रस्ता बघणं आणि कुटुंबाचं जाणं मार्गी लावणं, एवढंच आमचं काम. विकणाऱ्याकडून आम्ही एक पैसा घेत नाही. फी फक्त घेणाऱ्याकडून. त्यामुळे ‘ही जमीन घेऊ नका’ असं आम्ही मोकळेपणाने सांगू शकतो, आणि बरेचदा सांगतो.

आमचं काय झालं

आमचा मुलगा तीन वर्षांचा असताना आम्ही मानपूरच्या पुढे तीन एकर घेतले. दिवाळीनंतर जागा बघितली तेव्हा विहिरीला हात घालावा इतकं वर पाणी होतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती कोरडी पडली. टँकर मागवला, तर तो शेतापर्यंत येईना, कारण रस्ता शेजाऱ्याच्या बांधावरून होता आणि त्याने नांगरट करून तो मोडला होता. त्याची चूक नव्हती. रस्ता कागदावर कुठेच नव्हता, आम्ही विचारलाही नव्हता. जूनमध्ये आम्ही सुदामा नगरात आईकडे परत आलो. नंतर त्याच पट्ट्यातल्या एका गावात दोन खोल्या भाड्याने घेऊन वर्षभर राहिलो, आणि मग दुसरी जागा घेतली. आज तिथेच राहतो. ते भाड्याचं वर्ष आम्ही आधी काढलं असतं, तर पहिले तीन एकर घेतलेच नसते. म्हणून आमचा पहिला सल्ला हाच: मुलांना घेऊन एक मे महिना आणि एक जुलै त्या गावात राहा, मग रजिस्ट्रीचं बोला.

पाणी

हा सगळा डोंगर काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. लाव्हाचे थर एकावर एक बसलेत, आणि पाणी मिळतं ते कुजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगांत किंवा दोन थरांच्या मधे. म्हणून शेजारच्या बोअरला दोन इंच पाणी आहे यावरून तुमच्या बोअरला लागेल असं होत नाही. शंभर फुटांवर सगळं बदलतं. ‘अजून खोल जाऊ’ हाही उपाय नेहमी चालत नाही, खाली सलग पाषाण लागला की पैसा धुळीत जातो. त्यात आपण पाणलोटाच्या माथ्यावर बसतो. जानापावच्या एका अंगाचं पाणी चंबळेतून यमुनेकडे जातं, दुसऱ्या अंगाचं उतरून नर्मदेला मिळतं. पाऊस इथे चांगला पडतो, पण पाणी थांबत नाही.

मग विचारायचं काय? गावातल्या बायकांना विचारा की मे महिन्यात पाणी कुठून आणता. विकणाऱ्याला विचारण्यापेक्षा हे उत्तर जास्त खरं असतं. शेजाऱ्याची मोटर मे महिन्यात एका दमात किती वेळ चालते, ते उभं राहून बघा.

आता हिशोब. चौघांच्या घराला पिणं, स्वयंपाक, अंघोळ, कपडे, भांडी मिळून दिवसाला 400 लिटर धरा. इंदूरकडचा पाऊस वर्षाला साधारण 950 मिलिमीटर. हजार चौरस फुटांच्या छपरावरून, वाया जाणारं वजा जाता, सुमारे 70 हजार लिटर पाणी मिळतं. ते सगळं साठवायला फार मोठी टाकी लागेल. पण 20 हजार लिटरची टाकी म्हणजे 50 दिवस, आणि विहीर तळ दाखवते ते दिवस साधारण तेवढेच असतात. घराचा आराखडा काढायच्या आधी टाकीची जागा ठरवा, ही आमची हट्टाची मागणी आहे.

बाटलीने दूध पिणारं बाळ असेल तर पाण्याची तपासणी टाळू नका. विहिरीत शेतातलं खत झिरपतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर असेल तर तान्ह्या बाळांना ते घातक ठरतं, आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही. लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासणी होते.

कागद

मध्य प्रदेशात शेतजमीन घ्यायला आधीपासून शेतकरी असण्याची अट नाही. पुण्या-नाशकातले नातेवाईक ‘सातबारा नावावर नसेल तर घेताच येणार नाही’ म्हणतील. तो महाराष्ट्राचा कायदा आहे. हिमाचलचं स्वप्न बघून आलेल्यांना आम्ही सांगतो की तिथे 1972 च्या कायद्याचं कलम 118 तिथला शेतकरी नसलेल्याला सरकारी परवानगीशिवाय जमीन घेऊ देत नाही. या बाबतीत आपला डोंगर सोपा आहे. मात्र इथले सापळे वेगळे आहेत.

पहिला आदिवासी जमिनीचा. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 च्या कलम 165(6) प्रमाणे अधिसूचित भागात आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकताच येत नाही. इतर भागात कलेक्टरची परवानगी लागते. मानपूर ओलांडून धार जिल्ह्यात शिरलात की हा प्रश्न पावलोपावली येतो. ‘आदिवासी नोकराच्या नावावर घेऊ, नंतर बघू’ असं कुणी सुचवलं तर तिथून उठा. हा कायदा ज्यांची जमीन हातोहात गेली त्यांच्यासाठी आहे, आणि आम्ही त्याला वळसा घालून दिलेला नाही, देणारही नाही.

दुसरा पट्ट्याच्या जमिनीचा. सरकारने भूमिहीनाला दिलेली जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकली जात नाही. खसऱ्याच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी उताऱ्याच्या, कैफियतीच्या (शेऱ्याच्या) रकान्यात ‘अहस्तांतरणीय’ शब्द दिसला की थांबा.

तिसरा जंगलाचा, आणि डोंगरात हाच सर्वात फसवा. खसऱ्याच्या जुन्या नोंदीत ‘छोटे झाड का जंगल’ किंवा ‘बड़े झाड का जंगल’ असं लिहिलेलं असतं. जागेवर झाड एकही नसतं, गहू उभा असतो. पण 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून सरकारी दफ्तरात जंगल म्हणून नोंदलेली जमीन, मालकी कुणाचीही असो, वनकायद्याखाली धरली जाते. ‘चरनोई’ लिहिलेली जमीन तर गावच्या गुरांची. ती कुणी विकूच शकत नाही. म्हणून आजचा खसरा पुरत नाही. आम्ही मागच्या नोंदी काढतो, बी-1 (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) आणि नकाशा त्यांच्याशी ताडून बघतो.

तुमचा तुकडा मोठ्या सर्व्हे नंबरातला असेल तर बटांकन, म्हणजे त्या तुकड्याला वेगळा नंबर पाडून नकाशावर दाखवणं, झालंय का बघा. नसेल तर तुम्ही जमीन घेत नसून भागीदारांच्या भांडणात वाटा घेताय. सीमांकन (हद्दीची सरकारी मोजणी) रजिस्ट्रीच्या आधी, रब्बी निघाल्यावर करून घ्या. उभ्या पिकात मोजणी धड होत नाही. क्षेत्र हेक्टरमध्येच बोला, कारण बिघा दर दहा कोसांवर बदलतो. दोन एकर म्हणजे 0.809 हेक्टर. आणि रस्ता रजिस्ट्रीत लिहून घ्या: कुणाच्या नंबरातून, किती फूट रुंद. कलम 131 खाली तहसीलदार वहिवाटीच्या रस्त्याचा निवाडा करतात खरा, पण तोवर तुमची मुलं चिखलातून शाळेत जातील.

घर बांधायचं तेवढ्या भागाचं डायवर्शन, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करणं, लागतं. 2018 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी आधी परवानगीची वाट बघावी लागत नाही. रक्कम स्वतः काढून भरायची आणि एसडीओंना (उपविभागीय अधिकाऱ्यांना) कळवायचं. डायवर्शनशिवाय बँका घरासाठी कर्ज देत नाहीत, हे बजेट मांडताना लक्षात असू द्या. कमी किमतीत ‘फार्महाउस प्लॉट’ दाखवले जातात, त्यातल्या बऱ्याच वसाहती बिनपरवाना असतात. स्वस्तात चार गुंठे घेण्यापेक्षा दोन वर्षं थांबून एक स्वच्छ एकर घ्या.

पोट

दोन एकरांवर चौघांचं भागत नाही. एकरी सहा क्विंटल सोयाबीन धरलं, 2024-25 चा हमीभाव 4,892 रुपये धरला, तर दोन एकरांचे 58,704 रुपये होतात, आणि बी, खत, फवारणी, मजुरी अजून त्यातून जायची आहे. रब्बीला पाणी असेल तर गहू, बटाटा किंवा हरभरा. म्हणजे दोघांपैकी एकाची तरी शहरातली नोकरी किंवा घरून करायचं काम सुटता कामा नये. घरून काम करणार असाल तर त्या वस्तीत मोबाइलला रेंज किती मिळते, हे पावसाच्या दिवशी तपासा. गावठाणात घरगुती वीज दिवसभर असते, शेतीच्या वेगळ्या वीजवाहिनीवर (फीडरवर) 10 तास. शेतात घर बांधणाऱ्याला हा फरक फार जाचतो.

मुलं

शाळेची बस कुठल्या फाट्यापर्यंत येते आणि पावसाळ्यात मधला नाला किती दिवस अडवतो, हे दोनच प्रश्न महत्त्वाचे आहेत. शाळा चांगली की वाईट, हे त्यानंतर.

सापांविषयी घाबरवायचं नाही, पण लपवायचंही नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही या भागात आहेत. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो आणि चावल्याचं कधी कधी कळतही नाही. म्हणून मुलांना खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपवा. सरपण आणि विटांचा ढीग घरापासून लांब. रात्री अंगणातसुद्धा टॉर्च. दंश झालाच तर बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हातपाय न हलवता 108 ला किंवा स्वतःच्या गाडीने सरकारी रुग्णालयात. प्रतिविष कुठे ठेवलंय, हे आधीच जाऊन विचारून या. चोरल-मानपूरच्या जंगलात बिबट्या आहे. दिवेलागणीनंतर मूल अंगणात एकटं नको, कुत्रं रात्री आत.

आणि एक गोष्ट, जी कागदात बसत नाही. इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्य नगरात मूल मराठी ऐकतच मोठं होतं: आजी, शेजारच्या काकू, गणपतीतली आरती. डोंगरातल्या गावात ते महिनाभरात माळवी बोलू लागतं, आणि ती गोडच भाषा आहे, बोलू द्या. पण मराठी मग फक्त तुमच्या दोघांच्या तोंडी उरते. आमच्या मुलाने एकदा आजीला फोनवर हिंदीत उत्तर दिलं, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. तेव्हापासून आजी दर महिन्याचे दहा दिवस आमच्याकडे असते. तिच्यासाठी घरात पायऱ्या नसलेली खोली आणि आतच कमोड असलेलं न्हाणीघर आम्ही बांधलं. तुमच्या आराखड्यातही आजीची खोली पहिल्यापासून धरा.

आमच्याकडे येताना

खसरा क्रमांक आणि गावाचं नाव तेवढं आणा. बाकीचे उतारे आम्ही काढतो. बयाणा दिला नसेल तर उत्तम. दिला असेल तर त्याची लेखी पावती आणा, नुसता शब्द झाला असेल तर तो कुणापुढे झाला ते आठवून या. शक्य असेल तर दोघंही या, आणि जी व्यक्ती दिवसभर घरी मुलांबरोबर राहणार आहे तिने प्रश्न विचारावेत. जागा बघायला आम्ही सकाळी सातला निघतो. मे महिन्यात आलात तर पाण्याची बाटली बरोबर घ्या, जुलैत आलात तर गमबूट.