बॅटरी 12.7 दाखवते, तरी सेल्फ का लागत नाही?

भाच्याने जुनी मोटरसायकल पार सांगाड्यापर्यंत खोलली. चासीला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून पावडर कोटिंग करून आणलं, वायरिंग अख्खं नवं टाकलं आणि रविवारी सकाळी गल्लीतल्या पोरांसमोर बटण दाबलं. ठक! पुढे काहीच नाही.

"मामा, बॅटरी नवीन आहे. मल्टिमीटर 12.7 व्होल्ट दाखवतंय. हॉर्न वाजतो, लाइट लागतो. म्हणजे सेल्फची मोटरच गेली."

"थांब बे, मोटर खोलू नको."

त्याचं मीटर खोटं बोलत नव्हतं, पण प्रश्नच चुकीचा विचारला होता. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या सोलापूरकराला हे वेगळं समजवायला नको. तोटी बंद असली की पाइपात दाब पूर्ण असतो, मग आत गाळ का अडकलेला असेना. तोटी सोडली, धार करंगळीएवढी पडली, की गाळ कळतो. विजेचंही तसंच. करंट वाहत नाही तोवर वाटेतला अडथळा व्होल्टमीटरला दिसत नाही.

जर्मन शिक्षक ओम यांनी 1827 मध्ये मांडलेला नियम इथे कामाला येतो: वाटेत जितके व्होल्ट गळतात ते म्हणजे करंट गुणिले अडथळा. समजा एखाद्या जोडात फक्त 0.1 ओम (अडथळ्याचं माप, त्यांच्याच नावाचं) अडथळा आहे. 60 वॉटचा हेडलाइट साधारण 5 अँपिअर ओढतो, म्हणजे गळती अर्धा व्होल्ट. डोळ्यांना फरकही जाणवणार नाही. सेल्फ मात्र 60 अँपिअर मागतो. तोच जोड, आणि गळती 6 व्होल्ट! मोटरच्या वाट्याला उरलेल्या निम्म्या व्होल्टेजवर पिस्टन काही हलत नाही. बरं, हा 0.1 ओम मीटरच्या ओम रेंजवरही सापडत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याहून जास्त भरतो.

मग मोजायचं कसं? सेल्फ दाबलेला असताना, व्होल्टवर. गाडी न्यूट्रलला घेतली, मीटरची एक टोचणी बॅटरीच्या मायनसवर ठेवली, दुसरी सेल्फ मोटरच्या उघड्या अंगावर. दोन्ही जागा 'अर्थ'च्याच, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडलेल्या, त्यामुळे मधे जवळजवळ शून्य यायला हवं, 0.2-0.3 आले तरी चालतात. भाच्याला म्हटलं, दाब. आकडा उडाला तो 6.1 वर. त्याच वेळी खुद्द बॅटरीच्या दोन टोकांवर 12.1 होते, म्हणजे बॅटरी निर्दोष.

चोर सापडला तो चासीला अर्थची वायर जिथे बोल्टने आवळली होती तिथे. पावडर कोटिंग म्हणजे भट्टीत भाजलेलं प्लॅस्टिकच. जाडी साधारण 60 ते 100 मायक्रॉन, पण वीज अडवायला तेवढी पुरते. बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम जो काय संपर्क होता, त्यावर हॉर्न आणि लाइट भागत होते. चार-पाच वेळा सेल्फ दाबल्यावर बोल्टला बोट लावलं तर चटका बसला. साहजिक आहे, 6 व्होल्ट आणि 60 अँपिअर म्हणजे 360 वॉट त्या एका बोल्टवर तापत होते. घरातल्या इस्त्रीच्या जवळपास निम्मे.

भाच्याचा जीव कासावीस झाला, पण मी पॉलिश पेपर घेऊन तेवढी रुपयाएवढी जागा लखलखीत पत्रा दिसेपर्यंत घासली. दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, गंज धरू नये म्हणून वरून पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा मोजलं: 0.2. इंजिन पहिल्या दाबाला फिरलं.

आवाजावरूनही बरंच कळतं. एकच ठक म्हणजे रिले (बटणाच्या छोट्या करंटवर मोटरचा मोठा करंट जोडणारा स्विच) ओढला जातोय, पण मोटरपर्यंत पुरेसं पोचत नाही. तिथे हीच चाचणी करावी, प्लसच्या बाजूलाही. टकटकटक अशी माळ लागली तर आधी बॅटरीवर संशय घ्यावा: रिले ओढला जातो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, व्होल्टेज परत चढतं, आणि पुन्हा तेच. आणि काहीच आवाज नसेल तर जाड वायरींना हात लावण्यात अर्थ नाही. करंट रिलेच्या कॉइलपर्यंतच जात नाहीये. बटण, क्लचचा स्विच, न्यूट्रलचा, साइड स्टँडचा, या क्रमाने बघावं. नव्या वायरिंगमध्ये यातला एखादा कपलर (वायरींचा जोड) हमखास टाकीखाली नुसताच लोंबकळत राहिलेला असतो.